जोती हे नाव मुलास का ठेवू नये?

(एका शेतकरी कुटुंबातील बारशाच्या प्रसंगी केलेले भाषण)



आज या घरी तेराव्या दिवसाचे बारसे झाले. पाळणा हलला, घुगऱ्या वाटल्या, आणि आत्याबाईंनी बाळाच्या कानात नाव सांगितले. ते नाव जोती. नाव बाहेर पडताच बायकांच्या घोळक्यात जी कुजबुज झाली ती आम्ही ऐकली. एका वृद्ध आजीबाईंनी तर उघडच विचारले, "अगं, पोरगा झालाय का पोरगी? ज्योती तर माझ्या नातसुनेचं नाव!" हशा पिकला. पण बाळाच्या आजीस त्या हशाने वाईट वाटले. तिने पदराने डोळे पुसले आणि मुलाच्या बापाकडे पाहून म्हणाली, "अजून कागदावर चढलं नाही, बदलून टाका." तेव्हा घरधन्यांनी आम्हांस दोन शब्द बोलण्यास सांगितले. बारशाच्या घरी लांबलचक भाषण करणे शोभत नाही हे आम्ही जाणतो. परंतु हा प्रश्न एका पाळण्यापुरता नाही, म्हणून आम्ही उभे राहिलो आहोत.

प्रथम हे सांगतो की, त्या आजीबाईंस आम्ही दोष देत नाही. त्यांची शंका रास्त आहे. आज शाळेच्या हजेरीपटावर ज्योती हे नाव दिसले, तर गुरुजी ते मुलीचेच समजून चालतात, आणि बहुधा ते खरेही निघते. पण आजीबाई, हे नाव पूर्वी कोणाचे होते याची आठवण आपल्या घरांतून गेली कशी, याचा विचार आपण करू.

कोल्हापूरजवळ पन्हाळ्याच्या बाजूस वाडी रत्नागिरी म्हणून डोंगर आहे. तेथे जोतिबाचे ठाणे. चैत्री पौर्णिमेस तेथे यात्रा भरते, गावोगावच्या सासनकाठ्या नाचतात, गुलाल-खोबरे उधळते, दवणा वाहतात, आणि चांगभल्याच्या गजराने डोंगर भरून जातो. तो देव कुळंबी, माळी, धनगर, कुंभार, सुतार अशा कष्टकरी माणसांचा. त्याच्या नावावरून आपल्या वाडवडिलांनी मुलांस जोती, जोतिबा, जोतीराम अशी नावे ठेवली. सातारा, सांगली, कोल्हापूरकडे एखाद्या जुन्या सातबाऱ्यावर नजर टाकाल तर खातेदारांत असे नाव आजही सापडेल.

पुण्यास ११ एप्रिल १८२७ रोजी एका माळ्याच्या घरी मुलगा झाला. हे घराणे मूळचे सातारा जिल्ह्यातील कटगुणचे, आणि फुलांच्या धंद्यावरून त्यास फुले म्हणू लागले. जोतिबाच्या यात्रेच्या सुमारास जन्म झाला म्हणून मुलाचे नाव जोती ठेवले, असे चरित्रकार सांगतात. तो मुलगा पुढे काय झाला हे आपणांस सांगण्याची गरज नाही. १८४८ साली त्याने पुण्यात मुलींची शाळा काढली, १८७३ साली सत्यशोधक समाज स्थापला, शेतकऱ्याच्या दैन्याची चिरफाड करणारा 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला, आणि ११ मे १८८८ रोजी मुंबईच्या सभेत लोकांनी त्यास महात्मा म्हटले. सही करताना तो जोतीराव गोविंदराव फुले अशीच करी. तेव्हा मुलास जोती म्हणणे हा कोणा शहाण्याने काढलेला नवा चाळा नव्हे. ते आपल्याच अंगणातले, आपल्याच देवाचे आणि आपल्याच थोर माणसाचे नाव आहे.

मग ते मुलींकडे कसे गेले? याचे एक कारण भाषेत आहे. संस्कृतात ज्योतिस् हा शब्द नपुंसकलिंगी, म्हणजे तो ना बाईचा ना पुरुषाचा. मराठीत मात्र ज्योत आणि ज्योती आपण 'ती' म्हणतो. देवळातली ज्योत, समईची ज्योत, सारे 'ती'च. शाळा वाढल्या, छापील पुस्तके घरोघर गेली, तसे लोकांनी जोतिबाचा जोती विसरून समईची ज्योती लक्षात ठेवली, आणि मुलींस ते नाव देऊ लागले. त्यात काही वाईट झाले नाही. नाव गोड आहे, अर्थ प्रकाशाचा आहे. इतर प्रांतांत तर हेच नाव पुरुषांकडे राहिले. बंगालचे मुख्यमंत्रिपद १९७७ पासून २००० पर्यंत ज्यांनी सांभाळले ते ज्योती बसू पुरुषच होते. आसामात १९३५ साली पहिला असमिया बोलपट ज्यांनी काढला ते ज्योतिप्रसाद आगरवाला हेही पुरुषच. यावरून दिसते की, नाव जन्मतः ना लुगडे नेसून येते ना धोतर. आपण त्यास जे नेसवू ते ते नेसते.

कोणी म्हणेल की, ज्या नावाचा शेवट लांबतो ते कानाला बाईचे लागते. असे म्हणणारास ठाऊक नसेल, पण हा कायदा मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात लिहून ठेवलेला आहे. बाईचे नाव उच्चारायास सोपे, गोड, मंगल असावे आणि त्याच्या शेवटी दीर्घ स्वर असावा, असे तेथे सांगितले आहे. त्याच ठिकाणी, दोन श्लोक अगोदर, दुसराही कायदा आहे तो ऐका. ब्राह्मणाचे नाव मंगल असावे, क्षत्रियाचे बळाचे, वैश्याचे धनाचे, आणि शूद्राचे नाव किळस यावी असे असावे! ज्या हाताने बाईच्या नावाला कुंपण घातले, त्याच हाताने आपल्या नावावर चिखल फेकला. हा ग्रंथ २५ डिसेंबर १९२७ रोजी महाड येथे डॉ. आंबेडकर व त्यांच्या सहकाऱ्यांनी जाहीरपणे जाळला. कागद जळाला, पण त्याची राख अजून आपल्या कानांत बसलेली आहे काय, हे ज्याने त्याने पाहावे.

आणि हा दीर्घ स्वराचा कायदा आपल्या संतांस लावून पाहा बरे. शिंप्याचा नामा, कुंभाराचा गोरा, माळ्याचा सावता, न्हाव्याचा सेना, महाराचा चोखा आणि देहूचा तुका. या सर्वांची नावे दीर्घ 'आ'ने संपतात. मग हे सर्व बायकांची नावे धारण करणारे ठरले काय? कष्टकऱ्यांच्या घरात नाव कधी मनूच्या मापाने मोजले गेले नाही. ते हाक मारण्याच्या सोयीने, नवसाने, वाराने, यात्रेने ठेवले गेले. रानातून बांधापलीकडे हाक मारायची, तर नावाचा शेवट लांब असलेलाच बरा!

आता मुख्य गोष्टीकडे येतो. समजा, एखादे नाव आज पुरुषाचे आहे. उद्या चार मुलींस ते ठेवले. परवा काय होते? मुलांचे आईबाप ते नाव टाकून देतात. मुलगे निघून गेले की ते नाव मुलींचेच होऊन बसते. उलट मुलींचे नाव मुलांकडे आले असे क्वचितच दिसते. हे केवळ आपल्याकडेच घडते असे नाही. इंग्लंडात शर्ली हे पुरुषाचे नाव व आडनाव होते. शार्लट ब्राँटी या लेखिकेने १८४९ साली त्याच नावाची कादंबरी लिहिली. तिच्यातल्या आईबापांस मुलगा हवा होता, झाली मुलगी, म्हणून मुलासाठी ठरविलेले घराण्याचे नाव त्यांनी तिला दिले. पुढे ते नाव मुलींत पसरले आणि मुलांस ठेवणे जवळजवळ बंद पडले. अमेरिकेत १९०७ साली जन्मलेल्या एका मुलाचे नाव मॅरियन होते. तेही आता मुलींचेच समजतात. तो मुलगा पुढे जॉन वेन या नावाने बोलपटांत घोड्यावर बसून बंदूक चालवणारा मर्द म्हणून जगभर गाजला. कंपनीने नाव बदलले खरे, पण मॅरियन म्हणून वाढल्याने त्याच्या मनगटाचे बळ काही कमी झाले नव्हते.

बांधवहो, मुलीने घेतलेले नाव मुलाने टाकायचे, या चालीस आपल्या बोलीत काय म्हणतात? आम्ही तरी यास विटाळच म्हणतो. बाईचा स्पर्श झाला म्हणून नाव विटाळले, आता ते पुरुषाच्या कामाचे राहिले नाही! विहिरीला एका माणसाच्या घागरीचा स्पर्श झाला की दुसरा पाणी भरीत नाही, त्यातलाच हा प्रकार. या विटाळाने आपली किती पिढ्या नासाडी केली, हे आपणांस ठाऊक आहे. आणि मौज पाहा, ज्या जोतीरावांनी १८६८ साली आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्यांस खुला केला, त्यांच्याच नावाला आपण आज विटाळ मानतो!

याच्या मुळाशी नाव नाही, बाई आहे. आपण रोज काय बोलतो ते आठवा. मुलगी हुशार निघाली तर बाप छाती फुगवून म्हणतो, "ही माझी मुलगी नव्हे, माझा मुलगाच आहे." ती स्तुती झाली. आणि मुलगा रडला तर म्हणतो, "पोरीसारखा काय रडतोस? बांगड्या भर." ती शिवी झाली. मुलीस मुलगा म्हणणे भूषण आणि मुलास मुलगी म्हणणे अपमान, हा तराजू कोणी लावला? ज्या घरात भात लावणी बाई करते, खुरपणी बाई करते, विणकराच्या मागासाठी कांड्या बाई भरते, कुंभाराची माती बाई मळते, आणि वर सर्वांच्या भाकरीही बाईच थापते, त्या घरात तरी बाईचे नाव हलके ठरू नये.

जुनी माणसे एक गोष्ट जाणतात. ज्या घरी मुलगे जगत नसत, तेथे मूल झाले की त्याचे नाव दगडू, धोंडू किंवा केरू ठेवीत. कोठे मुलाचे नाक टोचून त्यात नथ घालीत व त्यास नथू म्हणत. असे का करीत? तर काळ फसावा म्हणून. ही मुलगी आहे असे समजून काळ पुढे निघून जाईल, मुलीस नेऊन तो काय करणार, असा तो समज! म्हणजे मुलाचा जीव वाचवायाचा तर त्यास मुलीचे सोंग द्यायचे, कारण मुलीचा जीव काळालाही नकोसा. आजीबाई, त्या नथीची लाज त्या वेळी कोणास वाटली नाही. मग जोती या नावाची लाज आज का वाटावी?

त्याच समजाचे दुसरे टोक अधिक कडू आहे. मुलीवर मुली झाल्या की शेवटचीचे नाव नकुशी. नको होती, म्हणून नकुशी. तिने जन्मभर हाकेसरशी ऐकायचे की, ती नको होती! ऑक्टोबर २०११ मध्ये सातारा जिल्ह्यात अशा २८५ मुलींची नावे जाहीर समारंभात बदलली. जेथे मुलीस नकुशी म्हणतात, तेथेच मुलास मुलीचे नाव म्हटले की डोळ्यांस पाणी येते. ही दोन दुखणी निराळी नाहीत.

आता दुसरी बाजूही आम्ही लपवून ठेवीत नाही. आमच्या नात्यातल्या एका मुलाचे नाव असेच होते. शाळेत पहिल्याच दिवशी गुरुजींनी त्यास मुलींच्या यादीत वाचले. वर्ग हसला. पोरगा घरी येऊन आईच्या कुशीत शिरला आणि उद्यापासून शाळेत जाणार नाही म्हणाला. पुढे एका दाखल्यावर त्याच्या नावामागे कुमारी लागले, आणि ते काढून घेण्यास बापास तीन खेपा घालाव्या लागल्या व तीन दिवसांची मजुरी बुडाली. तेव्हा बारशाच्या आजीचे डोळे भरले ते उगाच नव्हेत. मोठ्या माणसांच्या तत्त्वाचे ओझे पाच वर्षांच्या पोराने का वाहावे, असे कोणी विचारील तर तो प्रश्न खोटा नाही.

त्या मुलाचे पुढे काय झाले ते सांगतो. त्याच्या आईस लिहिता-वाचता बेताचेच येत होते. तिने दुसऱ्या दिवशी त्यास जवळ घेतले व भिंतीवरच्या महात्म्याच्या तसबिरीकडे बोट दाखवून विचारले, "हा कोण?" पोराने सांगितले, "महात्मा फुले." "त्यांची आई त्यांना काय म्हणून हाक मारीत असेल?" पोर विचारात पडले. मग ती म्हणाली, "जोती म्हणूनच." पोराने ती गोष्ट शाळेत जाऊन सांगितली. हसणे त्याच दिवशी थांबले असे आम्ही म्हणणार नाही. पोरे ती पोरेच. पण आता हसणाऱ्यास द्यायला त्याच्याजवळ उत्तर होते. ज्याच्याजवळ उत्तर आहे तो हशाने मोडत नाही. ज्या मुलास आपल्या नावाची गोष्ट कोणी सांगितलीच नाही, तो मात्र मोडतो. म्हणून आमचे म्हणणे इतकेच की, नाव द्याल तर नावाची गोष्टही द्या. नुसते नाव देऊन पोरास उघड्या रानात सोडू नका.

व्यवहाराच्याही दोन गोष्टी सांगून ठेवतो. १९६९ च्या कायद्याप्रमाणे जन्माची नोंद एकवीस दिवसांत करावयाची असते. नाव ठरले नसेल तर नोंद करून ठेवावी, नाव बारा महिन्यांच्या आत फी न देता भरता येते. तेव्हा हशामुळे घाईने नाव बदलू नका, सवड आहे. नोंदताना जोती लिहावे की जोतीराव, हे घरात बसून ठरवा. जोतीराव लिहिल्यास पुष्कळ घोटाळे टळतात आणि घरात जोतीच राहतो. दाखला हाती पडताच मुलगा की मुलगी हा रकाना तेथेच वाचून घ्या. स्वतःस वाचता येत नसेल तर शाळेत जाणाऱ्या लेकीस बरोबर न्या. चूक त्याच दिवशी निघाली तर एका खेपेत दुरुस्त होते.

आणि आणखी एक. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांची नावे महाराष्ट्रात सरकारी कागदांवर कशी लिहितात, हे आपणांस ठाऊक आहे काय? आधी बाळाचे नाव, मग आईचे नाव, मग बापाचे, मग आडनाव. म्हणजे यापुढे प्रत्येक मुलाच्या नावात बाईचे नाव असणारच. कोणास हे नवे वाटत असेल तर त्याने नाशिकची लेणी पाहून यावी. तेथील शिलालेखांत सातवाहन राजे आपणांस गौतमीपुत्र, वासिष्ठीपुत्र असे आईच्या नावाने म्हणवून घेतात. तेथला मोठा लेख तर गौतमी बलश्री या राजमातेचा आहे. त्या राजांस आईचे नाव लावण्याची लाज वाटली नाही. आणि दरसाल आषाढीस पंढरीची वाट चालणारे आपण लाखो लोक ज्ञानेश्वरांस काय म्हणतो? माउली म्हणतो, म्हणजे आई. विठोबाची विठाई करतो. देवास आणि संतास आई म्हणताना जीभ अडखळत नाही, मग पाळण्यातल्या पोरास जोती म्हणताना का अडखळावी?

शेवटी जोतीरावांच्याच घरची एक गोष्ट सांगून पुरे करतो. त्यांची आई ते तान्हे असतानाच वारली. त्यांस सगुणाबाई नावाच्या नात्यातल्या बाईने वाढविले. त्यांच्या कामात सावित्रीबाईंनी खांद्यास खांदा लावला. १८८२ साली ताराबाई शिंदे यांनी 'स्त्री-पुरुष तुलना' हे पुस्तक लिहिले व चहूकडून टीका झाली, तेव्हा जोतीराव 'सत्सार'मध्ये त्यांच्या बाजूने उभे राहिले. २८ नोव्हेंबर १८९० रोजी जोतीराव गेले. दत्तकपुत्र यशवंतच्या हक्कावरून भाऊबंदांत वाद निघाला, तेव्हा सावित्रीबाईंनी स्वतः टिटवे हाती घेऊन प्रेतापुढे चालण्यास सुरुवात केली, असे चरित्रकार सांगतात. म्हणजे हे नाव बाईने वाढविले, बाईने सोबत केली आणि बाईनेच शेवटपर्यंत पोचविले. आज त्या नावात बाईचा वाटा अधिक आहे असे कोणी म्हटले, तर ते नाव आपल्या हक्काच्या घरी नांदते आहे, असे आम्ही म्हणू.

तेव्हा आजीबाई, आपल्या नातसुनेचे नाव ज्योती आहे, फार चांगले झाले. आज या घरी तिचा एक नावाचा भाऊ जन्मला. दोघांसही एकाच दिव्याचे नाव आहे. आणि बाळाच्या आजी, आपणांस आमची विनंती की, रात्री पाळणा हलविताना या पोरास त्याच्या नावाची गोष्ट सांगा. आज त्यास ती कळणार नाही. पण तुमच्या तोंडून हे नाव मायेने निघाले, तर उद्या साऱ्या वर्गाच्या हशाने ते जड होणार नाही. निर्णय तुमच्या घराचा आहे, आम्ही पाहुणे. नाव बदलावयाचे तर खुशाल बदला, पण ते मुलीचे आहे म्हणून बदलू नका.

बाळ जोतीस उदंड आयुष्य लाभो, आणि त्याच्या पाठीवर मुलगी झाली तर तिच्या बारशालाही अशाच घुगऱ्या वाटा, एवढे मागून आम्ही खाली बसतो.